चंद्री उठेपर्यंत

योगिनीने ओळीच्या सुरुवातीला तीन वेळा कोलन दाबला, पुढे ‘थांबा’ असं लिहिलं आणि पान पुन्हा उघडलं. पान थांबलं नाही. थांबायची जागाच मिटून गेली, आणि ‘साचा बसवा’ या पायरीला ‘रबर भरा’ ही पायरी अशी येऊन चिकटली, जणू मध्ये कधी काही नव्हतंच.

तिने चहाचा कप उचलला. तो रिकामा होता. तरी एक घोट घेतल्यासारखं करून तिने तो खाली ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

चाकणच्या या कंपनीत बसच्या दारांना लागणाऱ्या रबरी पट्ट्या बनत. प्रत्येक प्रेसजवळ खांबाला एक टॅबलेट टांगलेला होता आणि कुठलं काम कुठल्या क्रमाने करायचं ते त्यावर दिसायचं. ते लिहायचं काम योगिनीचं. ती मार्कडाउनमध्ये लिहायची, म्हणजे साध्याच मजकुरात थोड्या खुणा पेरायच्या. शब्दाच्या अलीकडे-पलीकडे दोन-दोन तारे टाकले की शब्द ठळक होतो, ओळीआधी आकडा टाकला की तिची पायरी होते. ठळक करायला खूण होती, तिरकं करायला होती, लिहिलेलं खोडलंय असं दाखवायलासुद्धा होती. थांबवायला मात्र नव्हती. ज्यांनी कुणी हे शोधून काढलं, त्यांच्यावर आयुष्यात कुणाला थांबवायची वेळ आली नसावी.

इथे ती वेळ रोज दुपारी यायची. जेवणानंतर साचा बदलला की नवा साचा आतपर्यंत तापायला बराच वेळ लागतो. तापमानाचा काटा आधी पोचतो. पोलाद मागून, आपल्या चालीने येतं. माणसं काट्यावर विश्वास ठेवायची, टॅबलेटवरचं पान बोटाने सर्रकन शेवटपर्यंत सरकवून ‘झालं’ दाबायची, आणि पहिला सगळा लॉट भंगारात जायचा. क्वालिटीचे शेखर सर रोज संध्याकाळी त्या भंगाराच्या ढिगासमोर, देवळात उभं राहावं तसे हात जोडल्यासारखे करून उभे राहत.

“यांना थांबव,” ते योगिनीला म्हणाले होते. “कसं ते तू बघ.”

म्हणून हा प्लगइन. मार्कडाउनला एक नवी खूण शिकवणारा छोटासा प्रोग्रॅम. तीन कोलन टाकून ‘थांबा’ लिहिलं की पान तिथे अडणार, एक वर्तुळ सावकाश भरत जाणार, आणि ते भरेपर्यंत पुढची पायरी कुणाच्या बापाला दिसणार नाही. कल्पना चांगली होती. फक्त आत काही नसलेली जागा टिकत नव्हती.

फोन वाजला. आबा होते.

“योगे, जेवलीस?”

“आबा, चहा झाला आता.”

“मंग चहा प्यालीस?”

“प्याले. बोला ना.”

पलीकडे साखळी वाजली. म्हणजे आबा पार्किंगमध्ये, चंद्रीजवळ होते. ते फोन नेहमी तिथूनच करत. घरात रेंज येत नाही म्हणायचे.

“सोसायटीवाले आले व्हते. ह्या म्हैन्याच्या शेवटच्या शनवारपत्तूर हालवा म्हनले. शनवारी बाजार बी हाय.”

“मग?”

“मंग काय. न्हेतो.”

पुढे फक्त साखळी बोलत राहिली.

चंद्री ही घरातली शेवटची म्हैस. निघोजे गावची जमीन कंपन्यांत गेली तेव्हा आबांनी मोशीत फ्लॅट घेतला, सोफा घेतला, टीव्ही घेतला, आणि चंद्रीला आणून पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये, दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या मधोमध बांधलं. दूध देत होती तोवर ती सोसायटीची शान होती. आटली तशी ती अतिक्रमण झाली. आता तिचं वय झालं होतं, आणि भाकड म्हातारी म्हैस बाजारातून कुठे जाते हे बापलेकींना सारखंच ठाऊक होतं. म्हणून त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं.

फोन ठेवल्यावर योगिनी पडद्याकडे बघत बसली. खिडकीबाहेर ऊन पातळ पिवळ्या पाण्यासारखं हलत होतं आणि त्यातून एक फोर्कलिफ्ट पोहत गेली. रिकामी जागा टिकत नाही, तर तिच्यात काहीतरी घालायला हवं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. आत काही लिहिलं नसेल तर आपोआप दिसेल असं एखादं वाक्य. कुठलंही. तिच्या बोटांनी लिहिलं:

‘चिंचेखाली म्हैस बसली आहे. ती उठेपर्यंत थांबा.’

पान उघडलं. पान थांबलं.

इतकं छान थांबलं की तिलाही काही वेळ उठावंसं वाटेना. चाचणीचं वाक्य आहे, उद्या काढू, असं तिने ठरवलं. मग कंपनीच्या बसने हॉर्न दिला आणि उद्या जे करायचं होतं ते उद्याच्या स्वभावाप्रमाणे राहून गेलं.

संध्याकाळी ती पार्किंगमध्ये आली तेव्हा आबा उलट्या बादलीवर बसून चंद्रीची पाठ खरारत होते. चंद्रीच्या कपाळावर चंद्रकोरीसारखा पांढरा ठिपका होता. त्यावरून तिचं नाव. बाकी चंद्राशी तिचा काही संबंध नव्हता.

“तू लिवतीस म्हंजी नक्की काय लिवतीस?” आबांनी विचारलं. नोकरी लागल्यापासून हे त्यांनी पहिल्यांदाच विचारलं होतं.

“काम कसं करायचं ते.”

“आन् काम कोन करतं?”

“दुसरी माणसं.”

“त्यास्नी येत न्हाई व्हय?”

“येतं की.”

आबा बराच वेळ खरारा फिरवत राहिले.

“बरी हाय नोकरी,” ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात सगळ्या कार्यसूचना नव्या रूपात मंजूर झाल्या. मंजुरी शेखर सरांची. वर्षानुवर्षं सह्या करणाऱ्या माणसाचं वाचन हळूहळू मनगटात उतरतं; सरांच्या मनगटाला म्हैस दिसली नाही. योगिनीने सगळीकडे थांबायची खूण रिकामी सोडली होती, त्यामुळे सगळ्या प्रेसवर, सगळ्या टॅबलेटांवर, चिंचेखाली म्हैस येऊन बसली.

तक्रार कुणीच केली नाही. ‘साचा तापेपर्यंत थांबावे’ असं पूर्वी लिहिलेलं असायचं तेव्हा माणसं वाद घालायची. किती तापेपर्यंत, कुणी ठरवलं, गेल्या वेळी तर असं नव्हतं. म्हशीशी कुणी वाद घातला नाही. लातूरकडून आलेला नवनाथ पहिल्या दिवशी ते वाक्य वाचून “बरं,” एवढंच म्हणाला आणि क्रेट उलटा करून बसला. दुपारचा पहिला लॉट चांगला निघू लागला. शेखर सर संध्याकाळी नेहमीच्या जागी जाऊन उभे राहिले, तर समोर ढीगच नव्हता. ते तरी थोडा वेळ उभे राहिले.

मग ऑडिट आलं.

पट्ट्या विकत घेणाऱ्या बस कंपनीकडून सायली मॅडम आल्या. वयाने योगिनीएवढ्याच, आवाज मऊ, आणि प्रश्न विचारल्यावर उत्तर येईपर्यंत पापणी न हलवण्याची सवय. त्या नवनाथच्या प्रेसशी थांबल्या. नवनाथ क्रेटवर बसलेला होता.

“दादा, आत्ता काय करताय?”

“थांबायलोय, मॅडम.”

“कशासाठी?”

नवनाथने टॅबलेटकडे हात केला. “म्हैस उठायची हाय.”

सायली मॅडमनी वाचलं. मग प्रेसच्या मागे पाहिलं, खांबाच्या मागे पाहिलं, आणि तितक्याच मऊ आवाजात विचारलं, “कुठे आहे म्हैस?”

नवनाथने खिडकीतून दूरवर नजर टाकली.

“हितून दिसत नाही,” तो म्हणाला.

संध्याकाळी त्यांच्या अहवालात एकच त्रुटी होती: कार्यसूचनेत नमूद केलेली म्हैस व चिंच कार्यस्थळी आढळून आल्या नाहीत.

शेखर सरांनी दार लावून घेतलं. योगिनी त्यांच्यासमोर उभी राहिली.

“सर, ते चाचणीचं वाक्य होतं. माझी चूक आहे. एक ओळ आहे, आत्ता काढते.”

“काढून कसं चालेल?” सर दमलेल्या आवाजात म्हणाले. “आधी होतं, आता नाही, म्हणजे पद्धत बदलली. पद्धत बदलली की त्यांची मंजुरी लागते. मंजुरीला नमुने पाठवा, चाचण्या करा. ती येईपर्यंत माल बंद. आणि या पद्धतीने भंगार शून्य आलंय, हे मीच त्यांना परवा प्रेझेंटेशनमध्ये दाखवलंय.”

“मग काय करायचं?”

सरांनी दोन्ही हातांनी डोळे चोळले. “मग म्हैस आणायची.”

एसीतून पाणी ठिबकत होतं. खाली कुणीतरी त्यासाठी बादली ठेवली होती.

“लिहिलंय ते करायचं, करतो ते लिहायचं,” सर बादलीला उद्देशून म्हणाले. “भिंतीवर आपणच लावलीय पाटी. भाड्याने मिळते का गं?”

योगिनीने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

“दूध देणारीच हवी का, सर?”

सरांनी कार्यसूचना उघडली आणि या वेळी ती खरोखर वाचली.

“दुधाचा उल्लेख नाही,” ते म्हणाले.

आबांना पटवायला फारसा वेळ लागला नाही. कंपनीला म्हैस लागते यात त्यांना काही नवल वाटलं नाही. त्यांच्या मते इतक्या वर्षांत कंपनी पहिल्यांदाच एखादी कामाची गोष्ट मागत होती.

शेवटच्या शनिवारी, ज्या टेंपोतून चंद्री बाजारात जायची होती, त्याच टेंपोतून ती कंपनीच्या गेटवर उतरली. वॉचमनपुढे पेच पडला. आत येणाऱ्याची नोंद तीन प्रकारांत होई: माणूस, वाहन, साहित्य. त्याने चंद्रीकडे पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि साहित्याचं पान काढलं.

“रिटर्नेबल का नॉन-रिटर्नेबल?” त्याने पेन टेकवून विचारलं.

“म्हंजी?” आबा म्हणाले.

“परत न्यायचीय का?”

आबांनी एकदा योगिनीकडे पाहिलं.

“न्हाई,” ते म्हणाले. “न्हाई न्यायची परत.”

आबांना पिवळं हेल्मेट आणि सुरक्षेचे बूट मिळाले. चंद्रीची शिंगं ही टोकदार वस्तू असल्यामुळे त्यांना पिवळ्या-काळ्या पट्टीची टेप गुंडाळण्यात आली. शेडच्या मागे, सावलीत, जमिनीवर तिच्यासाठी पांढऱ्या पट्ट्यांचा चौकोन रंगवला होता. चंद्री थेट त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. एवढ्या वर्षांच्या पार्किंगने तिला पांढऱ्या पट्ट्यांची सवय झाली होती.

चिंचेचा प्रश्न शेखर सरांनी स्वतः सोडवला. कंपनीत नुसते शोभेचे पाम होते, आणि चिंचेचं झाड तयार मिळत नाही. त्यांनी हायवेच्या नर्सरीतून गुडघ्याएवढं रोप आणलं, काळ्या कुंडीत. पण म्हैस चिंचेखाली बसली आहे, असं लिहिलेलं. या मापात चिंचच म्हशीखाली गेली असती. तेव्हा चौकोनाशेजारी एक उंच लोखंडी रॅक उभा करून कुंडी त्याच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली. सरांनी खालून, बाजूने, एक डोळा मिटून पाहिलं. चिंच वर होती. म्हैस खाली होती.

त्रुटी दूर झाली का ते बघायला सायली मॅडम दुपारी आल्या. त्यांनी वर पाहिलं, चिंच म्हणून खूण केली. खाली पाहिलं, म्हैस म्हणून खूण केली. मग पेन तसंच धरून त्या उभ्या राहिल्या.

“बसली आहे, असं लिहिलंय,” त्या म्हणाल्या.

चंद्री उभी होती. सगळे उभे राहिले. ऊन रॅकच्या एका पायावरून दुसऱ्या पायावर गेलं. रबराचा गोडसर जळका वास आणि शेणाचा ताजा वास एकमेकांत मिसळून तिसराच कुठला तरी, ओळखीचा, पण नाव नसलेला वास सुटला होता. फोर्कलिफ्टवाल्याने इंजिन बंद केलं.

“मानसं बघत ऱ्हायली की न्हाई बसायची ती,” आबा म्हणाले. “लाजती. तोंडं फिरवा.”

सायली मॅडमनी शेखर सरांकडे पाहिलं. सरांनी तोंड फिरवलं. मग नवनाथने, फोर्कलिफ्टवाल्याने, योगिनीने, आणि शेवटी, पेन खिशाला लावून, सायली मॅडमनी. सगळे एका ओळीत शेडच्या पत्र्याकडे तोंड करून उभे राहिले. पत्रा तापलेला होता. त्याच्यात सगळ्यांच्या आकृत्या अस्पष्ट हलत होत्या, पाण्याखाली उभ्या असल्यासारख्या. नवनाथचे डोळे मिटले. योगिनीला वाटलं, आपण सगळे असेच उभे राहिलो तर काय होईल. आणि काही होणार नाही, असंही वाटलं.

मागे आधी गुडघे टेकल्याचा आवाज झाला. मग मागचा भार. मग एक लांब श्वास, सगळ्या अंगातून सोडलेला.

“बसली,” सायली मॅडम कुजबुजल्या, आणि वळून न बघताच त्यांनी खूण केली.

जाताना त्यांनी एकच सूचना केली. म्हैस उठली हे आत, प्रेसजवळच्या माणसाला कसं कळणार? त्यावर इलेक्ट्रिशियनने एक डबी बसवली. तिच्यावर एक बटण. चंद्री बसली की आबांनी दाबायचं, आत लाल दिवा लागतो. ती उठली की पुन्हा दाबायचं, दिवा हिरवा होतो. योगिनीने प्लगइनमध्ये भर घातली: वर्तुळ आता मिनिटांवर नाही, बटणावर भरणार होतं. हे लिहिताना तिला जरा हसू आलं, पण काम व्यवस्थित केलं. उन्हाळ्यात, पावसाळ्यात बटण चालेल, दोनदा दाबलं गेलं तर गोंधळ होणार नाही, सगळं तपासलं.

आणि ते चाललं. कुणी विचारलं असतं कसं, तर कुणाला सांगता आलं नसतं. जेवणं झाली, साचे चढले, की चंद्री बसायची. आत लाल दिवा लागायचा आणि शेडवर एक झोप उतरायची, डोळे उघडे असलेली. माणसं क्रेटवर बसायची. कुणी गावाकडे फोन लावायचा, कुणी काहीच करायचा नाही. पोलाद आपल्या चालीने आतपर्यंत तापायचं. सावली सरली की चंद्री उठायची, दिवा हिरवा व्हायचा, आणि पहिलाच लॉट चांगला निघायचा. शेखर सर ढिगाच्या रिकाम्या जागेऐवजी आता रॅकपाशी येऊन उभे राहू लागले. आबा त्यांना “सायेब, बसा की,” म्हणायचे आणि सर कधीमधी बसायचेसुद्धा.

आबा हेल्मेट कधीच काढत नसत. घरी सोफ्यावरही ते घालूनच बसायचे. एकदा ते नवनाथच्या टॅबलेटसमोर उभे राहून ओठ हलवत वाचत होते.

“हे तू लिवलंस?”

“हो.”

“सगळं?”

“सगळं. पण तुम्ही तेवढीच ओळ वाचताय.”

“तेवढीच बराबर हाय,” आबा म्हणाले. “बसल्या जनावराला उठवू नाही. त्येचं त्येला उठू द्यावं.”

ते पुढच्या पायऱ्या न वाचता बाहेर गेले.

चिंचेच्या रोपाला नवी पालवी आली होती तेव्हाची गोष्ट. बस कंपनीकडून मेल आला. पद्धत बदलायला मंजुरी मिळाली होती. नमुने, चाचण्या, सगळं शेखर सरांनी पहिल्याच आठवड्यात पाठवून दिलं होतं आणि मग विसरून गेले होते. मेल उघडा ठेवून ते योगिनीच्या टेबलाशी आले.

“उद्यापासून साधं ‘थांबा’ टाक,” ते म्हणाले. “मिनिटांचं. मॅनेजमेंटचं म्हणणं, झालं तेवढं पुरे. बाहेरचे पाहुणे येतात.”

“आणि चंद्री?”

सरांनी टेबलावरचा स्टेपलर सरळ केला. मग थोडा वाकडा केला.

“आबांशी मी बोलतो,” ते म्हणाले. पण त्या दिवशी ते बोलले नाहीत. दुपारी ते रॅकपर्यंत गेले, आबांनी “बसा की,” म्हटलं, ते बसले, आणि उठून परत आले.

योगिनीने प्लगइनची फाइल उघडली. ती ओळ जागेवर होती. ती काढायला एक क्षणही लागला नसता. तिने ओळीवरून कर्सर इकडून तिकडे नेला. मोशीची पार्किंग, पांढऱ्या पट्ट्या, शनिवारचा बाजार, सगळं त्या ओळीच्या पलीकडे रांगेत उभं होतं.

खिडकीखालच्या शेडमधल्या दिव्याचा लाल रंग तिच्या पडद्याच्या कडेला पडला होता. किती वेळ तो तसाच आहे हे तिच्या लक्षात आलं तेव्हा चहा होऊन गेला होता, आणि चहा झाल्यावर चंद्री बसलेली राहत नसे.

ती खाली गेली. शेडमध्ये सगळे क्रेटवर बसून होते. प्रेस तापलेले, साचे तयार, दिवे लाल. नवनाथने तिच्याकडे पाहिलं. ती मागच्या दाराने बाहेर पडली.

आबा उलट्या बादलीवर बसले होते. डबी त्यांच्या मांडीवर होती आणि अंगठा बटणापासून दूर. दुसरा हात चंद्रीच्या मानेवर. चंद्री नेहमीसारखीच बसलेली होती, पुढचे पाय आत घेऊन, चौकोनाच्या मधोमध. जबडा हलत नव्हता. शिंगाच्या पिवळ्या पट्टीवरून एक माशी उठली, डोळ्याशी जाऊन बसली, आणि डोळा मिटला नाही.

योगिनी जमिनीवर, आबांच्या शेजारी बसली.

“आबा.”

“बसलीया ती,” आबा म्हणाले.

“हो.”

“तूच लिवलंयस.”

“हो, आबा.”

मागून घाईची पावलं आली. शेखर सर होते. एका हातात वाजणारा फोन.

“योगिनी, ट्रक लागलाय. बसवाल्यांची लाइन बंद पडेल. तुझ्याकडून दिवा हिरवा करता येतो ना?”

“येतो, सर,” योगिनी म्हणाली. “एका ओळीचं काम आहे.” ती उठली नाही.

सर आणखी दोन पावलं पुढे आले आणि मग त्यांना दिसलं. फोन वाजत होता. त्यांनी तो वाजू दिला, मग बंद केला. हेल्मेटचा पट्टा सोडला, हेल्मेट काढून हातात धरलं. कपाळावर आतल्या पट्टीची लाल खूण उमटली होती.

फोर्कलिफ्टवाला कोपऱ्यावर येऊन थांबला. “सर, ट्रकवाला विचारतोय, त्याला काय सांगू?”

शेखर सरांनी आबांच्या मांडीवरच्या डबीकडे पाहिलं.

“सांग,” ते म्हणाले, “म्हैस अजून उठलेली नाही.”

तो गेला. थोड्या वेळाने गेटाकडून ट्रकचं इंजिन बंद झाल्याचं ऐकू आलं. सरांनी एक क्रेट ओढून घेतला. शेडमधून एकेक जण बाहेर येऊन पत्र्याला टेकून बसू लागला, चंद्रीकडे तोंड न करता, जरा बाजूला बघत. ऊन रॅकवर चढत चढत सगळ्यात वरच्या फळीवर पोचलं आणि तिथून गेलं. संध्याकाळी चिंचेची पानं मिटतात तशी त्या रोपाची पानं जोडीजोडीने मिटू लागली.

आतला दिवा लाल होता. कुणी उठलं नाही.